पिंजऱ्यातल्या जिवाचा हक्क

सर्व स्तुती त्या अल्लाहसाठी, ज्याच्या कृपेखेरीज आकाशात पसरलेला पंख क्षणभरही तोलला जात नाही, आणि दरूद व सलाम असो अंतिम प्रेषित हजरत मुहम्मद (स.) यांच्यावर, ज्यांची करुणा माणसांपुरती थांबली नाही.



गेल्या वर्षी पावसाळ्याच्या तोंडावर एका जुम्याच्या बयानात मी मांजरीची सुप्रसिद्ध हदीस सांगितली होती. नमाज आटोपल्यावर राजिवड्याचे एक वयस्क नमाजी मला आग्रहाने चहाला घरी घेऊन गेले. त्यांचा मुलगा कुवेतला असतो. मागच्या सुट्टीत त्याने मुलांना पाखरांची एक जोडी घेऊन दिली होती. पडवीत तिचा पिंजरा टांगलेला होता. चहा येईपर्यंत त्यांचा नऊ-दहा वर्षांचा नातू माझ्याजवळ येऊन बसला आणि हळूच म्हणाला, "मौलाना, आम्ही तर रोज दाणे घालतो, पाणीपण ठेवतो. मग आम्हाला गुनाह नाही ना?"

मी पिंजऱ्याकडे पाहिले. तळाशी विष्ठेचा थर इतका वाळला होता की खालचा पत्रा दिसत नव्हता. पाण्याच्या वाटीत दाण्यांची फोलपटे आणि घाण तरंगत होती. दोन्ही पाखरे प्लॅस्टिकच्या एकाच गुळगुळीत दांडीवर बसली होती, आणि त्यांतले एक पिंजऱ्याची तीच ती तार पुन्हापुन्हा चोचीने कुरतडत होते. मी मुलाच्या डोक्यावर हात ठेवला, "नाही बेटा" म्हणालो आणि चहा प्यायलो. खाडीच्या कडेने मशिदीकडे परतताना मात्र मनाला टोचणी लागली. मुलाने मनापासून मसला विचारला होता आणि मी यजमानांचा संकोच राखण्यासाठी उत्तर दिले होते. त्याला द्यायचे राहून गेलेले उत्तर म्हणजे हा लेख.

हे उत्तर देण्याचा मला कितपत अधिकार आहे, तेही आधी सांगितले पाहिजे. माझ्या आजोळी, पावसच्या पुढे एका खेड्यात, नानांनी एक राघू पाळला होता. त्याचे नाव मिठू. पिंजरा गोल, पत्र्याचा, आणि इतका लहान की मिठूची शेपटी कायम तारांना घासून वाकलेली असे. त्याच्यावर सर्वांचा जीव होता. पेरूची पहिली फोड त्याची, ओली मिरची त्याची. नानींनी त्याला सलाम करायला शिकवले होते आणि पाहुणे आले की आम्ही मुले त्याच्याकडून तो चार-चारदा वदवून घेत असू. पुढे मिठू आपल्याच छातीची पिसे उपटू लागला. घरचे म्हणाले, अंगात गर्मी झाली आहे. एका रमजानमध्ये सहरीच्या वेळी तो पिंजऱ्याच्या तळाशी पडलेला आढळला. मी तेव्हा बारा वर्षांचा होतो, आणि पिंजरा साफ करण्याचे काम माझ्याकडे होते. ते मी किती टाळत असे, हे मला आणि अल्लाहला ठाऊक आहे.

काही वर्षांनी मदरशात हदीसच्या तासाला मांजरीची रिवायत आली. हजरत अब्दुल्लाह बिन उमर (रजि.) यांच्याकडून ती बुखारी व मुस्लिम या दोन्ही संग्रहांत आली आहे. एका स्त्रीने मांजर कोंडून ठेवली, ती तशीच मेली आणि त्या अपराधापायी ती स्त्री नरकाग्नीस पात्र ठरली, एवढे आपल्यापैकी प्रत्येकाला पाठ असते. उस्तादांनी त्या दिवशी आम्हाला पुढच्या शब्दांवर थांबवले. प्रेषितांनी (स.) तिचे दोष सांगताना तीन गोष्टी मोजल्या आहेत. तिने खाऊ घातले नाही, पाणी दिले नाही, आणि जमिनीवरचे किडे-मुंगी स्वतः शोधून खाता यावेत म्हणून तिला मोकळेही सोडले नाही. उस्तादांनी विचारले, ही तिसरी गोष्ट कशासाठी सांगितली असेल? वर्गात कोणी बोलले नाही. मला मिठूची वाकलेली शेपटी आठवत होती.

या तिसऱ्या गोष्टीचा अर्थ मला असा उमगतो. मोकळ्या जिवाची सोय अल्लाहने सृष्टीत करून ठेवली आहे. तो आपला रिज्क शोधतो आणि मिळवतो. आपण दार लावून घेतो त्या क्षणी त्याची शोधण्याची वाट बंद होते, आणि जे जे त्याने स्वतः मिळवले असते ते पुरवण्याचे कर्ज आपल्या डोक्यावर येते. या कर्जात दाणा-पाणी आहेच, पण दाणा-पाण्यावर ते फिटत नाही. रानातले पाखरू ज्या फांदीवर विष्ठा टाकते तिथून पुढच्या घडीला उडून जाते. आपल्या घाणीत दिवसरात्र बसण्याची पाळी त्याच्यावर कधी येत नाही. पोपटाच्या जातीचे पाखरू दिवसाचा बराच वेळ काही ना काही कुरतडण्यात, सोलण्यात, लटकण्यात आणि आपल्या थव्याशी बोलण्यात घालवते. त्याची ती बाकदार चोच आयुष्यभर वाढत राहते, आणि कुरतडूनच ती झिजते. ही त्याची फितरत, म्हणजे निर्मात्याने दिलेली घडण. स्वच्छ जागा, चोचीला काम, पंखाला वाव आणि सोबत या चारही गोष्टी आपण दार लावताना हिरावून घेतलेल्या असतात. त्या राजिवड्याच्या पडवीत तार कुरतडणारे पाखरू आपले थकलेले येणेच मागत होते.

कुरआनात सूरह अनआममध्ये (६:३८) अल्लाहने पृथ्वीवर चालणाऱ्या आणि दोन पंखांनी उडणाऱ्या जिवांना आपल्यासारख्याच 'उम्मती', म्हणजे समुदाय, म्हटले आहे. सूरह नम्लमध्ये हजरत सुलैमान (अ.) पक्ष्यांची हजेरी घेतात आणि हुदहुद दिसत नाही म्हणून चौकशी करतात. जिन्न, मानव आणि पक्षी यांची फौज ज्यांच्या दिमतीला होती, त्या बादशहाच्या नजरेतून एक पाखरू सुटले नाही. आपल्या पडवीत तर दोनच असतात.

इथे कोणी विचारील की मग पक्षी पाळूच नये काय? शरीअतने एवढी सक्ती केलेली नाही. हजरत अनस (रजि.) यांचा धाकटा भाऊ अबू उमैर याच्याकडे एक लहानसे पाखरू होते, त्याला 'नुगैर' म्हणत. ते मेल्यावर मूल उदास बसलेले दिसले तेव्हा प्रेषितांनी (स.) त्याच्याजवळ जाऊन, त्याला मोठ्या माणसासारखे 'अबू उमैर' अशी हाक मारून, त्याच्या पाखराची विचारपूस केली. या छोट्या हदीसवर आपल्या शाफई मसलकातील इब्नुल कास (रह.) यांनी एक स्वतंत्र पुस्तिका लिहिली आणि तिच्यातून सुमारे साठ मुद्दे काढले. हाफिज इब्न हजर (रह.) यांनी बुखारीच्या भाष्यात तिच्यावरून पक्षी पिंजऱ्यात ठेवणे जायज असल्याचे नोंदवले आहे. इमाम बुखारी (रह.) यांच्या 'अल्-अदबुल मुफरद'मध्येही मक्केत सहाबांकडे पिंजऱ्यातले पक्षी असल्याची रिवायत आहे. तेव्हा परवानगी आहे. परंतु फुकहांनी ती बिनशर्त दिलेली नाही; पाखराची देखभाल ही तिची अट आहे. अट मोडल्यावर परवानगीचा आधार घेता येत नाही.

आम्हा रत्नागिरीकरांना तर हे समजावण्यासाठी फार लांब जायला नको. ब्रह्मदेशचा राजा थिबा याला इंग्रजांनी १८८५ साली पदच्युत केले आणि १८८६ मध्ये मंडालेहून इथे आणून ठेवले. पुढे १९१० मध्ये त्याच्यासाठी राजवाडा बांधून झाला. तो आजही उभा आहे आणि पाहुणे आले की आपण त्यांना तिथे नेतो. खाली खाडी, पलीकडे समुद्र, राहायला ऐसपैस दालने, सरकारी तनखा. अन्नान्नदशा तर त्याची कधीच झाली नाही. १९१६ मध्ये त्याने याच शहरात प्राण सोडला. आपली भूमी त्याला पुन्हा दिसली नाही. (त्याआधी दिल्लीच्या बहादूरशहा जफरला त्याच सत्तेने रंगूनला नेले होते, १८६२ मध्ये तो तिथेच वारला.) 'पण आम्ही त्याला खाऊ घालतो' हे वाक्य मी ऐकतो तेव्हा मला तो राजवाडा दिसतो.

आता कोणते पाखरू, हा प्रश्न. आपला गावठी हिरवा राघू, गळ्याभोवती कंठ असलेला, १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने संरक्षित आहे. त्याला पकडणे, विकणे, विकत घेणे, घरी ठेवणे हा गुन्हा आहे. कित्येक दीनदार घरांना हे माहीतच नसते, नानांनाही नव्हते. कायदा क्षणभर बाजूला ठेवला तरी ही पिल्ले बाजारात येतात कशी ते पाहा. हिवाळा सरता सरता झाडाच्या ढोलीतून, डोळे नीट उघडण्याआधी, आईच्या मागे ती काढली जातात. कितीतरी वाटेतच मरतात. अबू दाऊद यांच्या संग्रहात हजरत अब्दुल्लाह बिन मसऊद (रजि.) यांची रिवायत आहे. प्रवासात काही साथीदारांनी एका पाखराची दोन पिल्ले उचलली आणि त्यांची आई वर फडफडत घिरट्या घालू लागली. प्रेषितांनी (स.) ते पाहिले, हिला पिल्लांपायी कोणी दुःख दिले ते विचारले, आणि पिल्ले परत करण्याची आज्ञा केली. जो माणूस बाजारात राघूचे पिल्लू विकत घेतो, तो पुढच्या ढोलीत हात घालण्याची मजुरी देत असतो.

ज्यांच्या घरी आजच असा राघू आहे त्यांनी घाबरून त्याला एकदम उडवून देऊ नये. वर्षानुवर्षे कोंडलेल्या पाखराला ना नीट उडता येते, ना भक्ष्य शोधता येते. कावळे आणि मांजरे त्याचा निकाल लावतात. वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवावे आणि त्यांच्या हवाली करावे. मुले रडतील. त्यांना अबू दाऊदची हदीस सांगावी; मुलांना ती मोठ्यांपेक्षा लवकर समजते.

बाजारात 'लव्हबर्ड' म्हणून मिळणारी ती छोटी हिरवी-पिवळी-निळी पाखरे बहुतेकदा बजरीगर असतात. ती आणि तुरेवाली कॉकाटील मूळची ऑस्ट्रेलियाची. खरे लव्हबर्ड आफ्रिकेचे. पिढ्यान्‌पिढ्या माणसाच्या हाताखालीच वाढलेली ही पाखरे पाळता येतात. थव्याने राहणारी जात असल्यामुळे एकटे ठेवू नये. पिंजरा उंचीपेक्षा लांबीला मोठा असावा, कारण पाखरू आडवे उडते. दोन्ही पंख पूर्ण पसरता आलेच पाहिजेत. बजरीगरसाठी दोन तारांमधले अंतर अर्ध्या इंचाहून अधिक नको, नाहीतर डोके अडकते.

स्वच्छतेविषयी थोडे विस्ताराने लिहितो, कारण इथे पाखराचा हक्क आणि आपली नमाज एकमेकांत गुंतलेली आहेत. कोकणातले आपण बहुसंख्य शाफई. आपल्या मसलकात पक्ष्याची विष्ठा नजिस, म्हणजे नापाक, मानली जाते, मग पाखरू कोणतेही असो. (हनफी मसलकात हलाल उडत्या पक्ष्यांच्या विष्ठेबाबत सवलत आहे, हनफी वाचकांनी आपल्या आलिमांना विचारावे.) तेव्हा पिंजरा झटकताना उडालेली घाण कुर्त्याच्या बाहीला लागली आणि कोरड्या फडक्याने पुसून आपण नमाजला उभे राहिलो, तर प्रश्न निर्माण होतो. घाण आधी काढावी, मग त्या जागेवरून पाणी वाहू द्यावे, डाग आणि वास जाईपर्यंत. नमाजची चटई जिथे अंथरली जाते तिच्या वर किंवा शेजारी पिंजरा टांगू नये. ही साधी गोष्ट, पण लहान घरांत मी ती वारंवार पाहतो. तारतम्य इतकेच की या सबबीवर पाखराला अंधाऱ्या, कोंदट कोपऱ्यात ढकलू नये. पडवीत, माणसांच्या वावरात, पण थेट ऊन आणि पावसाची झड लागणार नाही अशी जागा उत्तम.

तळाला कागद अंथरणे सर्वांत सोपे. रोज फजरनंतर जुना कागद गुंडाळून काढावा आणि नवा घालावा. दोन मिनिटांचे काम आहे. मात्र उर्दू वर्तमानपत्र कधीही घालू नये. त्याच्या पानापानावर अल्लाहचे नाव, आयती, हदीसचे तुकडे असतात. एका सुशिक्षित घरात पिंजऱ्याच्या तळाशी मी असे पान पाहिले आहे आणि माझ्या अंगावर काटा आला. मराठी पानही डोळ्यांखालून घालून मगच वापरावे, कारण आपल्याच मंडळींच्या निधनवार्तांत अब्दुल्लाह आणि अब्दुर्रहमान असतात. वाण्याकडचा कोरा खाकी कागद त्यापेक्षा बरा.

पाण्याची वाटी सकाळी घासून भरावी आणि असरनंतर पुन्हा. आठवड्यातून एकदा, समजा गुरुवारी, पाखरांना दुसरीकडे ठेवून पूर्ण पिंजरा गरम पाणी आणि साबणाने घासावा. डाग हट्टी असतील तर सिरका आणि पाणी समप्रमाणात घ्यावे. प्रेषितांनी (स.) ज्याची सालन म्हणून प्रशंसा केली तो सिरका इथेही उपयोगी पडतो. सिरका आणि ब्लीचिंग पावडर मात्र कधी एकत्र करू नये. त्यातून निघणारा वायू पाखराला आणि माणसाला, दोघांनाही घातक असतो. शेवटी साध्या पाण्याने भरपूर धुऊन उन्हात कडक वाळवावा. वाळलेली विष्ठा कोरडीच खरवडू नये. आधी पाणी शिंपडून ओली करावी आणि नाका-तोंडाला फडके बांधावे. पोपटजातीच्या पक्ष्यांच्या विष्ठेच्या धुळीतून सिटॅकोसिस नावाचा फुफ्फुसाचा आजार माणसाला होऊ शकतो. घरात दम्याचा रुग्ण, गर्भवती स्त्री किंवा वयस्क माणूस असेल तर हे काम दुसऱ्याने करावे.

आणि करायचे कोणी? यावर मला दोन शब्द बोलायचे आहेत. बाप दोन महिन्यांच्या रजेवर येतो, मुलांच्या हट्टापायी पाखरे घेतो आणि परत आखातात जातो. पुढचे बावीस महिने त्या पिंजऱ्याची घाण मुलांची आई काढते, सासू-सासऱ्यांचे, शाळेचे, चुलीचे सर्व आटोपून. ज्याने पाखरू घरात आणले, जाब त्याला द्यायचा आहे. तो दूर असेल तर मुलांच्या पाळ्या लावून द्याव्यात आणि दर शुक्रवारी फोनवर त्याची विचारणा करावी. मक्तबमध्ये आपण मुलांना शिकवतो की पाकी हा ईमानचा अर्धा भाग आहे; तो धडा गिरवायला पिंजऱ्याच्या तळाइतकी चांगली पाटी नाही. तहानलेल्या कुत्र्याला पाणी पाजणाऱ्या माणसाची हदीस सांगून मुलांना हेही सांगावे की प्रत्येक सजीवाच्या सेवेत अज्र आहे.

आपल्याकडचा पाऊस ही वेगळी परीक्षा. रत्नागिरीत चार महिन्यांत तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. पिंजरा वाळत नाही, लाकडी दांड्या आतून कुजतात, लोखंडी तारेला गंज चढतो, आणि दाण्यांना बुरशी धरते. बुरशीचा दाणा पाखराच्या यकृताला विष आहे. जून ते सप्टेंबर दाणे आठवड्यापुरतेच आणावेत, घट्ट झाकणाच्या बरणीत ठेवावेत, आणि कुबट वास आला तर सरळ टाकून द्यावेत. बसण्याच्या दांड्यांचे दोन जोड ठेवावेत, म्हणजे एक वाळतो तोवर दुसरा वापरता येतो.

धुराबद्दल एक विनंती. गुरुवारी संध्याकाळी अनेक घरांत ऊद-लोबान फिरवतात. पाखराची श्वसनसंस्था अतिशय नाजूक असते. तो धूर, डासांची कॉइल, अगरबत्ती यांचा त्रास त्याला आपल्या कितीतरी पट होतो. लोबान लावण्यापूर्वी पिंजरा बाहेर न्यावा. स्वयंपाकघरात तर तो ठेवूच नये. नॉनस्टिक तवा रिकामा तापला की त्याच्या वाफेने पाखरे काही मिनिटांत मरतात, आणि घरच्यांना कारण कळतही नाही.

आता चोचीच्या कामाकडे वळू. दुकानांतून पाखरांची रंगीत खेळणी शे-दोनशे, पाचशे रुपयांना मिळतात. त्यांतली पुष्कळशी पाखराच्या गरजेपेक्षा घेणाऱ्याच्या डोळ्यांसाठी बनवलेली असतात. इस्राफ, म्हणजे उधळपट्टी, अल्लाहला नापसंत आहे आणि इथे तिची गरजही नाही, कारण कोकणच्या परसात पाखराचे सगळे खेळणे पडलेले असते. नारळाची करवंटी घ्यावी, आतले खोबरे पूर्ण खरवडून ती उकळावी, वाळवावी, दोन भोके पाडून टांगावी. पाखरू तिच्यात बसते, तिच्या काठाला लटकते, ती कुरतडते. झावळीची हिरवी पाती चटईसारखी विणून तारेत अडकवावी. दोन दिवसांत तिच्या चिंध्या होतात, आणि त्या करण्यातच त्याचे सुख आहे. मक्याचे कणीस सालीसकट द्यावे. शेवग्याची, कडुलिंबाची, पेरूची धुतलेली डहाळी पानांसकट बांधावी. प्लॅस्टिकच्या दांडीऐवजी कमी-जास्त जाडीच्या पेरूच्या फांद्या बसवल्या तर पायांना फोड येत नाहीत आणि नखेही थोडी झिजतात. रमजाननंतर घरात खजुराचे पुठ्ठ्याचे डबे उरतात. चकचकीत प्लॅस्टिकचा थर नसलेला पुठ्ठा घेऊन त्याच्या लहान पुड्या कराव्यात आणि आत चार दाणे लपवावेत. समोरच्या वाटीतले दाणे सोडून पाखरू त्या पुडीशी अर्धा तास झगडते. शोधून खाण्याची जी वाट आपण बंद केली होती, तिची एक फट अशी उघडते.

आणि समुद्रफेन. परदेशातल्या दुकानांत पैसे देऊन घेतात ते माकुलाचे पांढरे, हलके हाड आपल्या भाट्ये आणि मांडवीच्या वाळूत फुकट सापडते. मिरकरवाडा बंदरावर तर मागितले तरी मिळेल. चार-पाच दिवस गोड्या पाण्यात, रोज पाणी बदलत भिजवावे, म्हणजे खारटपणा जातो; मग उकळून उन्हात वाळवावे आणि मऊ बाजू आत करून तारेला बांधावे. त्यातून चुना, म्हणजे कॅल्शियम, मिळतो आणि चोचही झिजते.

सावधगिरीच्या गोष्टीही इथल्याच आहेत. कण्हेरीची काडीसुद्धा पिंजऱ्याजवळ नको, ती विषारी आहे. हापूसच्या बागेतली फांदी मोहोरावर औषध फवारलेले असताना आणू नये. जस्ताचा मुलामा दिलेली नवी तार, सोललेला रंग, जुन्या किल्ल्यांचा जुडगा, रबरबँड, फुग्याचा तुकडा यांतले काहीही चोचीला लागू देऊ नये. जस्त आणि शिसे पाखराच्या पोटात गेले की ते वाचणे कठीण. काथ्याची किंवा सुताची दोरी लागलीच तर आखूड ठेवावी आणि रोज पाहावी, कारण सुटलेला धागा बोटाला आवळला की बोट काळे पडते. घंटी लावावी का, असे एकाने विचारले होते. प्रवासी काफिल्यातल्या घंटेविषयीची नापसंती हदीसमध्ये आली आहे, आणि फुकहांनी तिची चर्चा केली आहे. पण तो वाद बाजूला ठेवला तरी त्या स्वस्त घुंगरांच्या फटीत पाखराची नखे अडकतात आणि त्यांना मुलामाही जस्ताचाच असतो. नको.

नवे खेळणे एकदम तोंडासमोर टांगू नये, पाखरू भेदरते. एक-दोन दिवस पिंजऱ्याबाहेर, त्याला दिसेल असे ठेवावे आणि मग आत घालावे. एका वेळी दोन-तीनच असावीत आणि आठवड्याला एखादे बदलावे. उथळ वाटीत पाणी ठेवले तर ते स्वतः आंघोळ करते. मगरिबनंतर पातळ कापड पांघरून शांतता द्यावी. त्याला दहा-बारा तासांची झोप लागते. अशा रीतीने पाखराची दिनचर्या आपल्या नमाजांच्या वेळांना बांधली की विसर पडत नाही.

पोपटाला कलमा शिकवण्याचा हौशी प्रकार पुष्कळ घरांत दिसतो. मराठीत अर्थ न कळता केलेल्या पाठांतराला 'पोपटपंची' म्हणतात. आमचे उस्ताद हा शब्द आमच्यासाठी सढळ हाताने वापरीत. फुकहांनी पोपटाचाही विचार करून ठेवला आहे. शिकवलेल्या पक्ष्याच्या तोंडून सजद्याची आयत ऐकली तर सजदा लागू होत नाही, कारण त्या उच्चारामागे हेतू नाही. पाहुण्यांपुढे कलमा म्हणणारे पाखरू आणि त्याच्या पायांखाली महिन्याची घाण, असे दृश्य मी पाहिले आहे. आमच्या मिठूच्या सलामाचेही तेच होते.

राजिवड्याच्या त्या घरी मी पुन्हा गेलो, बकरी ईदनंतर. मुलाला त्याच्या प्रश्नाचे नीट उत्तर दिले, त्याच्या दादांच्या देखत. पिंजऱ्यात एक करवंटी आधीच टांगलेली होती. भोके वेडीवाकडी होती, त्याने स्वतः खिळा तापवून पाडलेली. दांडी अजून प्लॅस्टिकचीच होती, म्हणून आम्ही दोघे परसात जाऊन पेरूची फांदी तोडून आणली.

तिथून परतल्यावर दुसऱ्याच आठवड्यात मी आजोळी गेलो. मिठूचा पिंजरा माळ्यावर होता. खाली काढून धूळ झटकली आणि वितीने मोजला. आरपार दीड वीतही भरला नाही. शेजारच्या एका मुलाने तो पाहिला आणि मला द्या म्हणून मागितला. मी त्याला दिला नाही. अंगणात जांभ्याच्या पायरीवर ठेवून दगडाने चेचला, पुन्हा कोणाला उघडता येणार नाही असा चपटा केला, आणि दुपारी भंगारवाला आला तेव्हा त्याच्या हातगाडीवर टाकला. त्याने अठरा रुपये दिले. येताना ते मशिदीच्या पेटीत घातले.